आकडा उतरला, पाय दुखतच राहिला

हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. रुग्णाच्या संमतीने लिहितोय. ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसायाचे आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, औषधं आणि माझ्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. मी तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो. विषय युरिक ॲसिड आणि पायाच्या धमन्या यांच्या नात्याचा आहे. हे नातं खरं आहे. पण अहवालावर लाल रंगात छापलेला आकडा पाहिल्यावर आपल्या डोक्यात जे चित्र उभं राहतं, तसं ते नाही.

पार्श्वभूमी

अण्णा पतसंस्थेचे पिग्मी एजंट, वय ६१. कापडपेठेच्या टोकापासून एसटी स्टँडपर्यंत रोज साठ-पासष्ट दुकानं. पन्नास-शंभर रुपये घ्यायचे, मशीनवर नोंद करायची, पावती फाडून द्यायची आणि पुढच्या दुकानात जायचं. ही फेरी ३० वर्षं पायी. बिड्या दिवसाला १२ ते १५. दारू नाही. रविवारी मटण ठरलेलं. रक्तदाब ९ वर्षांपासून, त्यासाठी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी जोडगोळी. ती मीच सुरू केलेली.

मार्चमध्ये पतसंस्थेने तपासणी शिबिर ठेवलं. सत्तरएक तपासण्या, गुळगुळीत कागदावरचा अहवाल आणि जो आकडा हद्दीबाहेर तो लाल. अण्णांचे चार आकडे लाल होते: युरिक ॲसिड ८.७, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल १४८ आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.२. घरात चर्चा मात्र एकाच आकड्याची झाली, कारण अण्णांचा पाय दुखत होता. पाय दुखतो म्हटलं की युरिक ॲसिड, हे आता आपल्याकडे शेजारीपाजारीही सांगतात.

माझ्याकडे येण्याआधीच मेडिकलमधून युरिक ॲसिड उतरवणाऱ्या फेबुक्सोस्टॅट ४० च्या पंधरा गोळ्या घेऊन झाल्या होत्या. मोबाइलवर कुठून तरी आलेली पथ्याची यादी सूनबाईंनी फ्रिजवर चिकटवली होती. तूरडाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद, फ्लॉवर बंद, दहीसुद्धा बंद. मटण यादीत होतं, पण ते रविवारपुरतं चालू.

पहिली भेट

अण्णा म्हणाले, "डॉक्टर, पोटऱ्या भरून येतात. उजवी तर धरूनच बसते. जरा उभं राहिलं की सुटते."

आज हे वाक्य लिहिताना मला शरम वाटते, कारण निदान त्यातच होतं. चाललं की पोटरी भरून येणं आणि नुसतं उभं राहिलं की सुटणं, याला दुसरं स्पष्टीकरण मुश्किलीनेच सापडतं. स्नायूला चालताना जास्त रक्त लागतं. धमनी अरुंद झाली असेल तर ते पुरत नाही. थांबलं की गरज कमी होते आणि कळ ओसरते. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून येणारी सूज, असा चालण्याच्या अंतरावर मोजून येत नाही. तो मध्यरात्री येतो, एखाद्या सांध्यात, बहुतेकदा अंगठ्याच्या मुळाशी, आणि चादरीचा स्पर्शही सोसवत नाही.

मी केसपेपरवर लिहिलं: युरिक ॲसिड वाढलेलं, पायात गोळे. फेबुक्सोस्टॅट चालू ठेवली आणि कॅल्शियम जोडलं. आमच्याकडे पेशंट चपला दाराबाहेर काढूनच आत येतो, म्हणजे पाय उघडाच होता, टेबलाच्या पलीकडे. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी बघायला मिनिटभर वाकायला हवं होतं. बाहेर चाळीस माणसं बसलेली होती. मी वाकलो नाही.

एक गोष्ट माझ्या बाजूने नव्हती, तीही सांगतो. किती चाललं की दुखतं, असं मी विचारलं असतं तरी उत्तर गोंधळाचं आलं असतं. पिग्मीवाला दर दुकानात थांबतोच, म्हणजे पायाला दर तीस पावलांवर विसावा मिळतो. फक्त शेवटच्या दुकानापासून स्टँडपर्यंत शाळेची लांब भिंत आहे, दीडेकशे मीटरची. तिथे मध्ये थांबायला निमित्त नव्हतं. तर अण्णा भिंतीवरच्या सूचना फलकासमोर उभे राहून नोटिसा वाचायचे. हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. शाळेच्या शिपायाने त्यांना एकदा विचारलंही होतं, नातू घालायचाय का आमच्या शाळेत?

जून: आकडा सुधारला

तीन महिन्यांनी युरिक ॲसिड ५.६ वर आलं. अहवालातला लाल रंग गेला. पाय तसाच.

या प्रकरणातला खरा फाटा मला इथेच दिसतो. ज्या आकड्यावर सगळं खापर फोडलं होतं तो जागेवर आला आणि तक्रार हलली नाही, तर निदान चुकलंय असं म्हणून पहिल्यापासून सुरू करायला हवं होतं. मी निदानाला हात न लावता त्यात भर घातली. कण्याचा एक्स-रे काढला. साठीतल्या माणसाच्या कण्यात दिसतं तेच दिसलं, मणक्यातली गादी झिजलेली. मग बी-बारा, कमरेचा पट्टा, दोन आठवड्यांचा व्यायामाचा तक्ता.

कण्याचा संशय अगदीच गैर नव्हता. मणक्यातली जागा अरुंद झाली की चालताना पाय जड होतात, तेही थांबल्यावर उतरतं. फरक एका प्रश्नात आहे. कण्याच्या माणसाला बसावं लागतं, निदान पुढे वाकून गाडीच्या सीटवर रेलावं लागतं. धमनीच्या माणसाचं नुसतं ताठ उभं राहून भागतं. कण्यावाला सायकल बरी चालवतो, कारण तो हँडलवर वाकलेला असतो. धमनीवाल्याची पोटरी सायकलवरही धरते. हे मला तेव्हाही माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही असेन. पण विचारलं नाही.

स्कूटर आणि थंडी

गणपतीच्या सुमारास मुलाने अण्णांना स्कूटर घेऊन दिली. फेरी स्कूटरवरून सुरू झाली आणि पाय "बरा" झाला. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला आले तेव्हा मला म्हणाले, तुमच्या गोळीने गुण आला. मी खूश. दिवाळीनंतर त्यांनी फेबुक्सोस्टॅट स्वतःच बंद केली. बरा झालाय तर कशाला रोज खायची, हा त्यांचा हिशेब.

चालणंच थांबलं की चालताना येणारी कळही थांबते. धमनीचा आजार मात्र तिकडे आपल्या गतीने पुढे चालला होता. बिड्याही चालू होत्या, स्टँडच्या मागे.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. अण्णा लंगडत आले, उजव्या पायात लोकरी मोजा. रात्री अंगठा ठणकतो, झोप नाही. मोजा अर्धा खाली केला, अंगठा लालबुंद दिसला. रक्त तपासलं, युरिक ॲसिड ९.१. लाल अंगठा, रात्रीचा ठणका, वाढलेला आकडा आणि नुकतीच बंद केलेली गोळी. पुस्तकातलं गाऊटचं चित्र यापेक्षा वेगळं काय असतं? मी गाऊटचा झटका उतरवणारं कोल्चिसिन ०.५ दिवसातून दोनदा आणि एटोरिकॉक्सिब हे वेदनाशामक पाच दिवस लिहून दिलं.

पायाच्या धमन्यांचा आजार असलेल्या माणसाला एटोरिकॉक्सिब देऊ नये. हा आजार त्या औषधाच्या निषिद्ध यादीत नावानिशी आहे. शिवाय क्रिएटिनिन १.४ असलेल्या रक्तदाबाच्या माणसाला ती देताना हात आखडायलाच हवा होता.

सहाव्या दिवशी काकू एकट्याच आल्या. म्हणाल्या, "तुमच्या गोळ्यांनी काय बी फरक नाही. रात्रभर खाटंवरून पाय खाली सोडून बसत्यात. आडवं झालं की ठणका, खाली सोडला की गार फरशीवर जरा बरं वाटतंय म्हणत्यात."

पाय खाली सोडला की बरं वाटतं. गाऊटच्या माणसाने पाय उशीवर ठेवला असता. खाली सोडल्यावर आराम मिळतो तो रक्त तेवढं उताराने जाऊन पोचतं म्हणून. दवाखाना अर्धा तास बंद करून मी त्यांच्या घरी गेलो.

तपासणीत काय दिसलं

मोजा पूर्ण काढला. लाल पाय हाताच्या पाठीने चाचपला तर गार, डाव्यापेक्षा स्पष्ट गार. गाऊटचा सांधा गरम असतो. नडगीवरचे केस गेलेले, कातडी चकचकीत आणि ताणलेली, नखं जाड. पावलावरची नाडी नाही, घोट्यामागची नाही, गुडघ्यामागची नाही. जांघेतली मात्र चांगली उडत होती. अंगठ्याच्या टोकाला मसुराएवढा काळा ठिपका. तो त्यांनी अडकित्त्याचा धक्का लागला असेल म्हणून सोडून दिला होता.

मग पाय वर उचलून धरला. अर्ध्या मिनिटात पाऊल पांढरं पडलं, पिठासारखं. खाली सोडला तर हळूहळू तीच लाली परत आली, आधी बोटांना, मग पावलाला. ज्या लालीला मी गाऊट म्हटलं होतं ती उपाशी पायाची लाली होती. रक्त अडलं की त्या भागातल्या बारीक वाहिन्या सताड उघड्या राहतात, आणि पाय लोंबकळला की त्यांत रक्त साठून राहतं.

युरिक ॲसिडचं नातं नेमकं कसलं

त्या रात्री मी वाचत बसलो. थोडं अपराधीपणाने, थोडं कुतूहलाने. युरिक ॲसिड बिलकुल निर्दोष होतं का?

संबंध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य आणि पोषण सर्वेक्षणातल्या १९९९ ते २००२ च्या माहितीवरून केलेल्या अभ्यासात युरिक ॲसिड जितकं जास्त तितकं पायाच्या धमन्यांच्या आजाराचं प्रमाण जास्त दिसलं. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल हिशेबात धरल्यावरही नातं उरलं. हृदयविकाराचा धोका असलेल्या पुरुषांवरच्या दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीच्या नोंदींतही गाऊटवाल्यांत हा आजार जास्त आढळला.

कारणंही सुचवता येतात. शरीरात प्युरिनचं युरिक ॲसिड बनवणारं झँथिन ऑक्सिडेझ हे विकर तेच काम करताना ऑक्सिजनचे घातक मूलक बाहेर टाकतं. ते धमनीच्या अस्तराला त्रास देतात आणि धमनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. म्हणजे दोष धुराचा नसून चुलीचा असू शकतो.

पण उलटा रस्ताही तितकाच खरा. मूत्रपिंड दमलं की युरिक ॲसिड तुंबतं, आणि मूत्रपिंड दमवणारा रक्तदाब धमन्याही खराब करतो. त्यात औषधांची भर. अण्णांच्या जोडगोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड युरिक ॲसिड वाढवतं. म्हणजे ८.७ मधला काही वाटा माझ्याच चिठ्ठीचा होता.

निर्णय शेवटी एकाच प्रश्नावर होतो: युरिक ॲसिड उतरवलं तर धमनीला फायदा होतो का? स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डॉक्टरांनी हे थेट तपासलं. तिथे आधी युरिक ॲसिड उतरवणाऱ्या ॲलोप्युरिनॉलच्या मोठ्या मात्रेने हृदयाच्या कळेच्या रुग्णांची व्यायामाची क्षमता वाढलेली दिसली होती, तेव्हा पायालाही होईल अशी आशा होती. २०१६ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या छोट्या चाचणीत पायाच्या धमन्यांच्या रुग्णांना सहा महिने ॲलोप्युरिनॉल दिलं. युरिक ॲसिड उतरलं, चालण्याची क्षमता वाढली नाही. ब्रिटनमधली ऑल-हार्ट ही चाचणी बरीच मोठी, २०२२ ची. हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेले पण गाऊट नसलेले साठीपुढचे साडेपाच हजारांहून जास्त लोक त्यात होते. ॲलोप्युरिनॉलने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात किंवा त्यांतून येणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

माझं मत यातून असं झालं की वाढलेलं युरिक ॲसिड हे वाईट संगतीत सापडलेलं पोर आहे. पोलिसांनी त्यालाच धरलं म्हणून टोळी फुटत नाही, पण ते दिसलं तर आसपास टोळी आहे का हे बघायला हवं. मार्चमध्ये ८.७ पाहून मी टोळी शोधली नाही. ती त्याच कागदावर बाकीच्या तीन लाल आकड्यांत आणि खिशातल्या बिडीच्या बंडलात होती.

कोणते पर्याय समोर होते

घरी तपासल्यावर पहिला प्रश्न तासांचा की दिवसांचा? पायाचा रक्तपुरवठा अचानक तुटला तर काही तासांत पाय जातो. अण्णा बोटं हलवत होते आणि पावलाला स्पर्श कळत होता, म्हणजे रात्रीच गाडी काढायची वेळ नव्हती. पण विश्रांतीतही ठणका आणि बोटाला काळं पडणं ही या आजाराची शेवटच्या टप्प्याची खूण. गावात डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून अहवालाची वाट बघणं हा एक पर्याय होता. दुसरा, सरळ रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवणं. डॉप्लर ते करतीलच, दोनदा कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळचीच वेळ घेतली.

तिसरा पर्याय घरातून आला. मेहुणे म्हणाले, बोट काळं पडलंय तर बोटच काढून टाका इथे, संपला विषय. हा विषय तसा संपत नाही. रक्त पोचत नसलेल्या पायावर कापलं तर ती जखमही भरत नाही, मग पाऊल, मग पोटरी असं वर सरकत जातं. आधी रक्त पोचवायचं, मग काय जगतंय ते बघायचं. मेहुण्यांना हे पटायला पंधरा मिनिटं लागली आणि मला वाटतं अजून पुरतं पटलेलं नाही.

एटोरिकॉक्सिब आणि कोल्चिसिन बंद केलं. कोलेस्टेरॉल उतरवायला अटोर्वास्टॅटिन ४० सुरू केलं. रक्त पातळ ठेवायला ॲस्पिरिन की क्लोपिडोग्रेल? कमी मात्रेतलं ॲस्पिरिन मूत्रपिंडातून युरिक ॲसिड नीट बाहेर पडू देत नाही. नुसत्या या कारणासाठी मी ॲस्पिरिन टाळलं नसतं, पाय वाचवण्यापुढे तो मुद्दा किरकोळ आहे. पण १९९६ च्या कॅप्री चाचणीत पायाच्या धमन्यांच्या रुग्णांना क्लोपिडोग्रेलचा फायदा ॲस्पिरिनपेक्षा जास्त दिसला होता. दोन्ही बाजूंनी कौल एकीकडेच पडला. क्लोपिडोग्रेल ७५.

सर्जनकडे एबीआय मोजला, म्हणजे घोट्याचा वरचा रक्तदाब भागिले दंडाचा. दंडाला १५०, उजव्या घोट्याला ४८, डाव्याला ११८. उजवा ०.३२, डावा ०.७९. साधारण १ च्या आसपास हवा, ०.९ किंवा खाली गेला की आजार. सीटी अँजिओग्राफीत उजव्या मांडीतली धमनी सुमारे १४ सेंटिमीटर पूर्ण बंद, गुडघ्यामागे परत उघडलेली. त्या तपासणीच्या औषधाचा मूत्रपिंडावर भार नको म्हणून आधी सलाइन दिलं, कारण क्रिएटिनिन आता १.५ होतं.

फुगा घालून धमनी उघडायची की बायपास करायचा? घरच्यांना साहजिकच बिनाकापाचं हवं होतं. सर्जनने बायपाससाठी वापरायची मांडीतली शीर सोनोग्राफीवर तपासली, ती चांगल्या जाडीची निघाली. अडथळा लांब आणि चुना धरलेला, हृदय ठीक. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत अशी चांगली शीर उपलब्ध असताना बायपासचे निकाल सरस ठरले होते. २०२३ च्या बेसिल-२ मध्ये गुडघ्याखालच्या आजारासाठी उलट दिसलं, पण अण्णांचा अडथळा गुडघ्याच्या वर होता. सर्जनने दोन्ही बाजू कागदावर चित्र काढून समजावल्या. शेवटी अण्णाच म्हणाले, एकदाच काय ते करून टाका. सरकारी योजनेच्या कागदपत्रांत चार दिवस गेले, त्यांतले दोन मुलाच्या नावाचं स्पेलिंग जुळवण्यात.

चौथ्या दिवशीचा ताप

बायपास नीट झाला. पाऊल त्याच संध्याकाळी गरम झालं आणि अण्णा बऱ्याच दिवसांनी आडवे होऊन झोपले.

चौथ्या दिवशी ताप आला आणि डावा गुडघा टरारून सुजला. डावा, म्हणजे ज्या पायाला हातही लावला नव्हता तो. वॉर्डात धावपळ सुरू झाली: जंतुसंसर्ग की शिरेत गुठळी? मुलाने मला फोन केला. मी विचारलं, युरिक ॲसिड किती आलं? म्हणाला, ६.४, नॉर्मल आहे, आणि तुम्हीच म्हणालात की ते विसरा.

मी तसं म्हणालो होतो खरं. पण गाऊटचा झटका चालू असताना रक्तातला आकडा बऱ्याचदा खाली येतो, आणि शस्त्रक्रियेनंतरचे दिवस हे झटक्याचे नेहमीचे दिवस. निवासी डॉक्टरांना गुडघ्यातलं पाणी काढून बघा अशी विनंती केली. त्यांच्याही मनात तेच होतं. जंतू नव्हते. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखे स्फटिक सापडले.

आकडा ९.१ होता तेव्हा जो अंगठा लाल झाला तो गाऊट नव्हता. आकडा ६.४ होता तेव्हा गुडघा सुजला तो गाऊट होता. मूत्रपिंडाकडे बघून वेदनाशामकं टाळली आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ३० मिलिग्रॅम पाच दिवस दिलं. गुडघा तिसऱ्या दिवशी उतरला.

नंतरची व्यवस्था

आता युरिक ॲसिड उतरवायचं की नाही? पायाच्या धमनीसाठी नाही, त्याचा उपयोग दिसत नाही. पण गाऊट सिद्ध झाला होता आणि मूत्रपिंडाची गाळण क्षमता ५२ च्या आसपास. पहिल्या झटक्यानंतर सगळ्यांना औषध लागत नाही, मूत्रपिंड मंद असेल तर मात्र सुरू करावं, असं संधिरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शिकेत आहे. फेबुक्सोस्टॅट परत द्यायला मन झालं नाही. २०१८ च्या केअर्स चाचणीत हृदय-धमनीचे रुग्ण असलेल्या गाऊटवाल्यांत त्याने हृदयाशी संबंधित मृत्यू ॲलोप्युरिनॉलपेक्षा जास्त दिसले. २०२० च्या फास्ट चाचणीत तसं दिसलं नाही, पण समोर दुसरी गोळी असताना मी वाद ओढवून घेत नाही. ॲलोप्युरिनॉल ५० पासून, तीन-चार आठवड्यांनी चढवत २०० पर्यंत. अंगावर पुरळ आलं तर गोळी बंद करून त्याच दिवशी यायचं, हे काकूंना दोनदा बजावलं. सोबत तीन महिने कोल्चिसिन ०.५ रोज एकच. अटोर्वास्टॅटिनबरोबर ते स्नायूंना बाधू शकतं, म्हणून मांड्या दुखतात का हे दर वेळी विचारत होतो.

रक्तदाबाची जोडगोळी काढली. त्याऐवजी लोसार्टन ५० आणि ॲम्लोडिपिन ५. लोसार्टन युरिक ॲसिड थोडं बाहेर टाकतं. ॲलोप्युरिनॉल सुरू करण्याआधीच आकडा ७.९ वर स्थिरावला होता.

फ्रिजवरची यादी उतरवली. डाळ, पालक, टोमॅटो, दही परत. भाज्यांतल्या प्युरिनने गाऊट वाढतो असं मोठ्या अभ्यासांत दिसत नाही, दूध-दह्याने उलट कमी होतो. मटण मोजकं, कोल्ड्रिंक बंद. वर्षभराच्या त्या पथ्यात अण्णांचं वजन चार किलो उतरलं होतं, तेही मांड्यांवरचं.

बिडी इस्पितळात सुटली. जत्रेत एकदा परत लागली, मग निकोटिनच्या गोळ्या चघळत पुन्हा सुटली. चालण्याचा व्यायाम देखरेखीखाली घेणारं केंद्र जवळपास नाही. मी शाळेची भिंतच वापरली: कळ चांगली जाणवेपर्यंत चाला, उभे राहा, सुटली की परत. अर्धा तास, आठवड्यातून किमान तीन दिवस.

आज स्थिती

शस्त्रक्रियेला आठ महिने झाले. उजवा एबीआय ०.८८. अंगठ्याचं काळं टोक आपोआप झडलं, नख गेलं, जखम दहा आठवड्यांत भरली. बोट वाचलं. युरिक ॲसिड ५.७, गाऊटचा दुसरा झटका नाही. क्रिएटिनिन १.४, एलडीएल ६४. पिग्मीची सकाळची फेरी पायी, संध्याकाळची स्कूटरवर.

वेगळं काय करता आलं असतं

मार्चमध्ये नाडी बघितली असती तर आजार पोटरीच्या टप्प्यावर सापडला असता. तेव्हा बिडी सोडणं, स्टॅटिन, क्लोपिडोग्रेल, चालणं आणि हृदय ठीक असल्याने बहुधा चालण्याचं अंतर वाढवणारं सिलोस्टॅझॉल एवढ्यावर बरीच वर्षं निघाली असती. बायपास टळलाच असता असं मी छातीठोक सांगणार नाही. दहा महिने मात्र नक्की फुकट गेले.

जूनची चूक मला जास्त खुपते. मार्चमध्ये घाई होती. जूनमध्ये हातात पुरावा होता. ज्या दिवशी आकडा उतरतो आणि तक्रार उरते, त्या दिवशी केसपेपरचं जुनं पान न बघता नव्या पानावर लिहायचं, असं मी आता ठरवलंय. दसऱ्याला "बरं वाटतंय" ऐकल्यावर मी चालून बरं की बसून, हे विचारायला हवं होतं.

वॉर्डातला प्रसंग मला उलट्या बाजूने सावध करतो. एकदा तोंडघशी पडलेला डॉक्टर दुसऱ्या टोकाला जातो. युरिक ॲसिड विसरा, हे माझे शब्द मुलाने जसेच्या तसे धरून ठेवले होते, आणि गुडघ्यातलं पाणी कोणी काढलं नसतं तर अण्णांना नसत्या संसर्गासाठी आठवडाभर जंतुनाशकं मिळाली असती.

दवाखान्यात आता रक्तदाबाच्या यंत्राशेजारी हातात धरायचा छोटा डॉप्लर आहे, रक्तवाहिन्यांसाठीचा. पन्नाशीपुढचा बिडी ओढणारा पाय दुखतो म्हणाला की कंपाउंडर स्वतःच त्याला टेबलावर झोपवतो. एका माणसाला आठेक मिनिटं लागतात आणि बाहेरची माणसं कुरकुरतात.

अण्णांचा डावा पाय मात्र बाकी आहे. गेल्या महिन्यात तो ०.७४ आला, आधी ०.७९ होता. मोजण्यातली उन्नीस-बीस असू शकते किंवा नसूही शकते. भिंतीजवळ थांबावं लागतं का, असं विचारलं. म्हणाले, नाही थांबत. शाळेच्या शिपायाला विचारून बघतो म्हटल्यावर हसले आणि म्हणाले, फलकाच्या अलीकडे, एकदाच. पुढची मोजणी दिवाळीनंतर.